भुताच्या गोष्टी सांगणारा मुंबईकर

होस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला अशी एखादी रात्र आठवत असेल. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, उद्याचं सबमिशन अर्धवट आणि एकाच रूममध्ये दहा-बारा जण मेणबत्तीभोवती कोंडाळं करून बसलेले. मग कुणीतरी सुरुवात करतो. घाटात लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई, उलट्या पायांचा माणूस, विहिरीतून येणारा आवाज... चांदवडसारख्या गावात तर विषयाला तोटाच नाही. मागे सातमाळ्याचे डोंगर, त्यावर किल्ला, गावात होळकरांचा जुना रंगमहाल आणि आग्रा रोडवरून रात्रभर घोंघावत जाणारे ट्रक. गोष्ट संपते, सगळे मोठमोठ्याने हसतात आणि मग पॅसेजच्या टोकाच्या बाथरूमला एकट्याने जायला कुणीच तयार होत नाही!

अशाच एका रात्री माझी पाळी आली. मला ऐकीव भूत काही आठवेना, म्हणून मी लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकातली गोष्ट सांगितली. गोष्टीचा नायक आपल्याच जातकुळीतला, म्हणजे सिव्हिल इंजिनिअर. अंगात ताप असताना हा गडी रात्री घोड्यावरून भरधाव सुटतो आणि वाळवंटातल्या एका मोठ्या खड्ड्यात कोसळतो. सकाळी बघतो तर खड्ड्यात माणसं राहतायत. ही सगळी मेली म्हणून सरणावर न्यायला काढलेली आणि ऐनवेळी शुद्धीवर आलेली माणसं. मेलेला परत आला हे गावाला नको असतं, म्हणून त्यांना इथे आणून टाकलेलं. वर चढावं तर वाळू पायाखालून घसरते, नदीकडून जावं तर दलदल गिळते आणि नावेतून बंदूकवाला पहारा देतो. खायला काय, तर कावळे!

गोष्ट रंगली. लेखक कोण म्हणून विचारणा झाली. मी म्हटलं, रुड्यार्ड किपलिंग, तोच तो 'जंगल बुक'वाला. त्यावर माझा रूम पार्टनर एकदम भडकला. जालियनवाला बागेच्या डायरसाठी वर्गणी देणाऱ्या माणसाच्या गोष्टी तू आम्हाला कौतुकाने ऐकवतोस, असा त्याचा सवाल होता. मला उत्तर देता आलं नाही, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. पण गोष्ट अंगावर आली होती हेही तितकंच खरं होतं. मग मी या माणसाचं चरित्र आणि त्याच्या आणखी गोष्टी वाचून काढल्या. हा लेख म्हणजे त्या रात्री न दिलेलं उत्तर समजा.

किपलिंगचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी आपल्या मुंबईत झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक होते. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा ज्योतिबा फुले मंडई, तिच्या दर्शनी भागावरची दगडी शिल्पं याच लॉकवुडसाहेबांची. पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर मान वर करून जरूर बघा.

लहान रुड्यार्डला सांभाळायला एक ख्रिश्चन आया आणि मीता नावाचा हिंदू गडी होता. त्यांच्या मांडीवर गोष्टी ऐकत तो झोपायचा. त्याला स्वप्नंसुद्धा इथल्या भाषेत पडायची. आई-वडिलांसमोर जाताना आता इंग्रजीत बोला, अशी आठवण नोकरांना करून द्यावी लागायची! त्याच्या आठवणींत एक प्रसंग आहे. पारशी लोकांच्या दोखम्यावरून गिधाडाने उचललेला एका लहान मुलाचा हात एकदा त्यांच्या बागेत पडला. आई हादरली, पण काही विचारायचं नाही असं तिने बजावलं. पोराला मात्र तो हात बघायचा होता. शेवटी खरी हकीकत त्याला आयानेच सांगितली. मला वाटतं, पुढचा भयकथाकार तिथेच तयार झाला. मोठी माणसं गप्प बसतात, नोकर खरं सांगतात आणि मुलाला बघायची इच्छा आवरत नाही!

खरी भीती मात्र त्याला मुंबईत नाही, विलायतेत भेटली. हिंदुस्थानातले इंग्रज आपली मुलं शिकायला मायदेशी पाठवत. 1871 साली सहा वर्षांचा होत आलेला रुड्यार्ड आणि तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना साउथसी गावातल्या एका घरात पैसे देऊन ठेवण्यात आलं. आई-वडील परत निघाले ते मुलांना धड काही न सांगताच. त्या घरातल्या बाईने पोराला नरकाची भीती घातली, मारलं आणि एकदा तर खोटारडा असं लिहिलेली पाटी पाठीवर लावून रस्त्यातून शाळेत पाठवलं. त्याचे डोळे अधू होत चालले होते, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी शेवटी त्याला नसलेल्या सावल्या दिसू लागल्या. साडेपाच वर्षांनी, 1877 मध्ये आई आली. रात्री पापा घ्यायला ती त्याच्यावर वाकली, तर मार चुकवायला त्याने झटकन हात वर केला! हे सगळं त्याने पुढे 'बा बा ब्लॅक शीप' या कथेत मांडलं. तिच्यात भूत नाही, पण माझ्या मते ही त्याची सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे. आपण अठराव्या वर्षी होस्टेलला येतो, घरी रोज फोन असतो, तरी पहिला आठवडा रडायला येतं. तो तर सहा वर्षांचाही नव्हता.

पुढे बोर्डिंग शाळेत गेल्यावर तो सावरला. चष्मा लागला, मित्र मिळाले आणि शाळेच्या मासिकाचं संपादन हातात आलं. (आपल्या संपादक मंडळाने नोंद घ्यावी!) कॉलेजला पाठवायला घरी पैसे नव्हते. ऑक्टोबर 1882 मध्ये, सतरावं वर्ष पुरं व्हायच्या आधीच, तो नोकरीसाठी परत मुंबई बंदरात उतरला. ते वास आणि ते आवाज कानानाकावर आले आणि त्याच्या तोंडून इथल्या भाषेतली वाक्यंच्या वाक्यं बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ मात्र तो विसरून गेला होता. विचार करा, स्वतःच्या तोंडून येणारी भाषा स्वतःलाच कळत नाही! यापेक्षा गूढ ते काय असणार?

मुंबईहून तो लाहोरला गेला. वडील तोवर तिथल्या कलाशाळेचे आणि म्युझियमचे प्रमुख झाले होते. रुड्यार्ड तिथल्या 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट' या वर्तमानपत्रात लागला. रोज दहा-दहा, पंधरा-पंधरा तास काम, अंगात ताप आणि उन्हाळ्यात झोप नाही. घरची मंडळी सिमल्याला गेली की हा एकटा रात्र रात्र लाहोरच्या गल्ल्यांतून भटकायचा. 1885 च्या नाताळात किपलिंग घरातल्या चौघांनी मिळून 'क्वार्टेट' नावाचा एक अंक काढला, आपल्या वार्षिकासारखाच. मी सांगितलेली ती खड्ड्याची गोष्ट, 'द स्ट्रेंज राइड ऑफ मॉरोबी ज्यूक्स', या अंकात आली. 'द फँटम रिक्षा' हीसुद्धा त्यातलीच. तेव्हा लेखकाला वीस वर्षंही पूर्ण नव्हती. म्हणजे आपल्या सेकंड इयर, थर्ड इयरच्या पोराएवढं वय!

'फँटम रिक्षा'मध्ये सिमल्यातला एक इंग्रज अधिकारी एका बाईला फसवतो. ती झुरून मरते आणि मग तिची रिक्षा मॉल रोडवर त्याच्या मागे मागे फिरू लागते. रिक्षा ओढणारे हमालही मेलेले. त्यांचं भूत झाल्यावरही त्यांना साहेबांची रिक्षा ओढावीच लागते! 1888 मध्ये याच नावाचा संग्रह अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने 'इंडियन रेल्वे लायब्ररी' या मालेत काढला. किंमत एक रुपया, विक्री रेल्वे स्टेशनवर. मनमाडला गाडीची वाट बघत आपण स्टॉलवरची पुस्तकं चाळतो ना, तसंच तेव्हाचे प्रवासी हे भूत विकत घेऊन डब्यात चढायचे.

आता थोडं आपल्या विषयाकडे. किपलिंगला इंजिनिअर लोकांचं फार वेड. ज्यूक्स खड्ड्यात पडल्यावर आधी काय करतो, तर उंची आणि उतार मोजतो. भिंत सुमारे पस्तीस फूट, उतार अंदाजे पासष्ट अंश. मित्रांनो, सॉईल मेकॅनिक्समध्ये आपण अँगल ऑफ रिपोज शिकतो. कोरडी सुटी वाळू साधारण तीस ते पस्तीस अंशांपलीकडे उभी राहत नाही. म्हणजे पासष्ट अंशांचा हा खड्डा पहिल्याच दिवशी ढासळला असता आणि आमच्या सरांनी किपलिंगला ओरलमध्ये तिथेच घरी पाठवलं असतं! पण वाचताना हे कुणाच्याही मनात येत नाही. कारण तो आधी आकडे देतो, मग आपण भुतावरही विश्वास ठेवतो. चांगल्या भयकथेची ही युक्ती आहे. आधी मोजता येईल ते सगळं मोजून दाखवायचं आणि मग न मोजता येणारं हळूच पुढे ठेवायचं.

या गोष्टीत आपला एक माणूस आहे, हे मला नंतर लक्षात आलं. खड्ड्यात ज्यूक्सला ओळखीचा गंगादास भेटतो. तो दख्खनी ब्राह्मण, पूर्वी तार ऑफिसात नोकरीला. बाहेर असताना तो साहेबाला सलाम करायचा. इथे मात्र तो साहेबाला कावळे पकडायला शिकवतो, त्याचे पैसे काढून घेतो आणि आता आपण सगळे सारखे आहोत याची जाणीव करून देतो. किपलिंगने त्याला लबाड आणि खुनी रंगवलंय, त्याचा रागही येतो. पण नीट वाचा. ज्यूक्सची खरी भीती वाळूची नाही. आपला हुद्दा, आपला रंग, आपला हुकूम इथे चालत नाही, ही ती भीती आहे. आणि शेवटी त्याला वर कोण काढतं? त्याच्याच पदरचा कुत्री सांभाळणारा नोकर, दुन्नू. तोच माग काढत येतो आणि वरून दोर सोडतो.

1890 च्या 'अॅट द एंड ऑफ द पॅसेज'मध्येही नायक इंजिनिअरच आहे. रेल्वेलाईनवर एकटा राहणारा हमिल. भयंकर उकाडा, झोप नाही आणि डोळा लागला तर काहीतरी पाठलाग करतं. म्हणून झोप लागू नये यासाठी तो अंथरुणात घोडेस्वाराच्या टाचेचा काटा ठेवून झोपतो. एके दिवशी मरून पडलेला सापडतो, डोळ्यांत भीती तशीच थिजलेली. परीक्षेच्या आदल्या रात्री ही गोष्ट वाचू नका, हा अनुभवाचा सल्ला.

त्याच वर्षीच्या 'द मार्क ऑफ द बीस्ट'मध्ये एक दारू प्यालेला इंग्रज मारुतीच्या मूर्तीच्या कपाळावर चिरूट विझवतो. देवळातला एक कुष्ठरोगी त्याला मिठी मारतो आणि त्याचं हळूहळू जनावर होऊ लागतं. त्याला वाचवण्यासाठी त्याचे दोन मित्र, त्यातला एक पोलीस अधिकारी, त्या आजारी माणसाला पकडून तापलेल्या लोखंडाने डागतात. नेमकं काय केलं ते निवेदक सांगत नाही, ते छापण्यासारखं नाही म्हणून गाळून टाकतो! कायदा शिकवायला आलेली माणसं रात्री बंद दाराआड काय करत होती, हे यापेक्षा स्पष्ट कुणी लिहिलं असेल? या गोष्टीत जनावर नक्की कोण झालं, हा प्रश्न मनात राहतोच.

इथेच मला माझ्या पार्टनरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं. किपलिंग माणूस म्हणून साम्राज्याचा भक्त होता. आपल्याला राज्य करता येणार नाही असं तो मानायचा. 1920 मध्ये डायरसाठी लंडनच्या एका वृत्तपत्राने निधी जमवला, त्यात त्याने वर्गणी दिली. हे लपवायचं कारण नाही आणि माफ करायचंही नाही. पण त्याच्या भुताच्या गोष्टी त्याच्यापेक्षा शहाण्या होत्या. भाषणात आणि कवितेत तो साहेबाचा तोरा मिरवायचा, पण गोष्टीत साहेबाच्या पोटातली भीती आपोआप बाहेर यायची. राज्य करणाऱ्याला रात्री झोप लागत नव्हती, याची साक्ष त्यांच्यातल्याच माणसाने देऊन ठेवली आहे.

उरलेलं अर्धं उत्तर त्याच्या उत्तरायुष्यात आहे. 1889 मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. अमेरिकन मुलीशी लग्न केलं, 'जंगल बुक' लिहिलं तेही अमेरिकेत, बर्फात बसून. 1907 मध्ये नोबेल मिळालं, तेही एक्केचाळिसाव्या वर्षी. साहित्याचं नोबेल इतक्या कमी वयात आजपर्यंत दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. पण घरात मात्र मृत्यू शिरला होता. 1899 मध्ये न्यूयॉर्कला तो आणि त्याची सहा वर्षांची मुलगी जोसेफिन दोघंही न्यूमोनियाने आजारी पडले. तो वाचला, ती गेली. तो स्वतः इतका अत्यवस्थ होता की बातमी त्याच्यापासून काही दिवस लपवावी लागली.

पाच वर्षांनी, 1904 मध्ये, त्याने 'दे' ही कथा लिहिली. मोटारीतून फिरताना रस्ता चुकलेला एक माणूस एका सुंदर घरापाशी पोहोचतो. घराची मालकीण आंधळी आहे. बागेत, खिडक्यांत मुलं लपाछपी खेळताना दिसतात, पण जवळ येत नाहीत. एका संध्याकाळी खुर्चीच्या मागे लोंबकळत असलेल्या त्याच्या हातावर कुणीतरी हलकेच ओठ टेकवतं. ती त्याची आणि त्याच्या लेकराची जुनी खूण असते. त्याला कळतं, ही मुलं कोण आहेत. आणि मग तो ठरवतो की इथे पुन्हा यायचं नाही. ती आंधळी बाई येऊ शकते, पण आपल्यासाठी हे बरोबर नाही. मित्रांनो, या कथेत घाबरवणारं काही नाही. पण मी ती वाचून लाईट बंद केली आणि बराच वेळ झोप आली नाही.

मुलगा जॉन. डोळे बापासारखेच अधू. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा नजर कमी म्हणून त्याला सैन्यात घेईनात. युद्धाचा मोठा प्रचारक असलेल्या बापाने लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकला आणि पोराला आयरिश गार्ड्समध्ये जागा मिळवून दिली. वशिल्याने! सप्टेंबर 1915 मध्ये लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. वय अठरा पूर्ण होऊन जेमतेम सहा आठवडे. बापाने वर्षानुवर्षं जखमी सैनिकांना गाठून चौकशी केली. प्रेत मिळालं नाही. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या आयोगाने 1992 मध्ये एका अनाम कबरीवर जॉनचं नाव घातलं, तेव्हा बाप जाऊन छप्पन्न वर्षं झाली होती.

त्या काळी इंग्लंडमध्ये मुलं गमावलेले हजारो आई-बाप प्लँचेटकडे वळले. शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयलसुद्धा त्याचा प्रचार करत गावोगाव फिरत होता. किपलिंगची बहीण ट्रिक्स स्वतः त्या नादात होती. पण आयुष्यभर भुतं लिहिलेला हा माणूस तिकडे फिरकला नाही, उलट त्याने त्याविरुद्ध लिहिलं. 'दे'मधल्या माणसासारखाच तो दारातून मागे फिरला. त्याऐवजी तो 1917 पासून त्या कबरींच्या आयोगाचं काम करू लागला. ज्यांची ओळख पटली नाही अशा सैनिकांच्या दगडांवर काय कोरायचं ते शब्द त्याने सुचवले. 1925 मधल्या 'द गार्डनर'मध्ये एक बाई अशाच हजारो कबरींत, जगाला भाचा म्हणून सांगितलेल्या मुलाची कबर शोधत फिरते. तिथला माळी तिला न विचारता ओळखतो की तो तिचा मुलगा होता. बस, एवढीच गोष्ट. तो माळी कोण, हे आपलं आपण ठरवायचं.

योगायोग बघा, त्याच 1925 साली मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाच्या नव्या इंजिनिअरांचा पहिला शपथविधी झाला. ती शपथ किपलिंगनेच लिहून दिली होती. खराब काम करणार नाही, खराब माल चालवून घेणार नाही, अशा अर्थाची ती प्रतिज्ञा घेऊन तिथले इंजिनिअर करंगळीत लोखंडी अंगठी घालू लागले. मला वाटतं, आपल्या एका चुकीने माणूस मरू शकतो हे त्याला तोवर पुरतं कळलं होतं. 18 जानेवारी 1936 रोजी लंडनमध्ये तो वारला.

मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी आपल्याला भ्यायला शिकवलं. त्यांच्या गोष्टी आवडत असतील तर किपलिंगच्या या पाच-सहा कथा जरूर वाचा. राग येईल तिथे राग येऊ द्या. पानं मात्र उलटत राहा.

माझ्या पार्टनरला मी 'द गार्डनर' वाचायला दिली. दोन दिवस तो काही बोलला नाही. मग म्हणाला की डायरची वर्गणी तो विसरणार नाही, पण त्या बापाचं वाईट वाटतं. मी म्हटलं, माझंही तेवढंच म्हणणं आहे. त्या रात्री पुन्हा लाईट गेली. पॅसेजच्या टोकापर्यंत आम्ही दोघं मिळूनच गेलो.

- तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी